स्पेअर सगळं होतं, तरी ११ मिनिटं शांतता: साउंडच्या बॅकअपचं नियोजन तुम्ही कसं करता?

शून्य_डेसिबल

नऊ वर्षं झाली लहान-मध्यम कार्यक्रमांचं साउंड करतोय. दोनशे ते सातशे श्रोते, भाषणं, गाणी, कधी नाटक. आजवर किरकोळ खरखर, शिट्ट्या, संपलेले सेल यापलीकडे काही घडलं नव्हतं. त्यामुळे आपण फार नीट काम करतो असा माझा समज होता.

गेल्या महिन्यात तो उतरला. गायिकेचं दुसरं गाणं रंगात आलेलं आणि अख्ख्या हॉलचा आवाज एका क्षणात गेला. माझ्यासमोर मिक्सर झगमगतोय, फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) जागेवर, आणि मीटर सगळे झोपलेले. स्टेजबॉक्सकडून (स्टेजवरच्या वायरी जिथे जमतात आणि एका केबलने मिक्सरला जोडल्या जातात ती पेटी) एकही सिग्नल नाही. गायिका दोन ओळी तशीच गात राहिली, मग थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिच्या मागोमाग सव्वातीनशे लोक वळून माझ्याकडे बघायला लागले.

गंमत म्हणजे माझ्याकडे सगळं स्पेअर होतं. दुसरा छोटा मिक्सर गाडीत, गाडीची किल्ली सहाय्यकाकडे, सहाय्यक फोन घ्यायला बाहेर. स्टेजबॉक्सची ५० मीटरची जादा नेटवर्क केबल पेटीत, तीही तळाला, वर सहा माईक स्टँड. ती काढली, लोकांच्या पायांतून स्टेजपर्यंत ओढली, लावली. आवाज परत यायला ११ मिनिटं.

घरी जाऊन ती 'मेलेली' केबल तपासली तर ठणठणीत. प्लगची प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती, कुणाच्या तरी खुर्चीच्या पायाने ओढ बसली आणि प्लग अर्धा सेंटिमीटर बाहेर सरकला. बोटाने आत दाबला असता तर काम झालं असतं.

मला खरेदीची यादी नको आहे, सामान आहे माझ्याकडे. बॅकअपचं *नियोजन* कसं करता ते सांगा. काय जोडून ठेवता, काय पेटीत ठेवता, आणि बंद पडल्यावर पहिलं कोण काय करतं?

खरखर

क्लिप तुटलेली केबल म्हणजे दात पडलेला राखणीचा कुत्रा. दिसतो भारी, धरत काही नाही.

माझा एकच नियम आहे. केबलवर संशय आला की तिथल्या तिथे तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप. कार्यक्रम संपल्यावर ती केबल पेटीत जात नाही, माझ्या खांद्यावर घरी येते. पेटीत गेली की पुढच्या वेळी तीच हाताला लागणार, हा निसर्गनियम आहे.

आणि नेटवर्क केबलला इथरकॉनचं धातूचं टोक लावून घ्या. ते खटकन बसतं आणि लॉक होतं, खुर्चीला दाद देत नाही.

तारेवरची_कसरत

शून्य, तुमच्याकडे स्पेअर होतं, बॅकअप नव्हता. मीही बरीच वर्षं हे दोन्ही एकच समजत होते.

मी इनपुट लिस्टच्या (कुठला माईक कुठल्या चॅनलवर त्याच्या यादीच्या) कागदावर प्रत्येक ओळीपुढे एक आकडा लिहिते: हे आत्ता मेलं तर आवाज किती *सेकंदात* परत येईल. मुख्य भाषणाच्या माईकपुढे १० पेक्षा मोठा आकडा आला की मी अस्वस्थ होते. कोरसच्या तिसऱ्या माईकपुढे १८० आला तरी मला झोप लागते. सगळ्या गोष्टींना सारखा बॅकअप देत बसलं तर पैसा संपतो आणि डोकंही. आधी ठरवायचं की कुठल्या एका आवाजावाचून कार्यक्रम थांबतो. बहुतेक वेळा तो आवाज एका माणसाचा आणि एका माईकचा असतो. बाकीचं वाद्यवृंदाचं नंतर बघता येतं.

तुमच्या प्रसंगात नवा मिक्सर आणला असता तरी काही झालं नसतं, कारण माईक आत येण्याची आणि आवाज स्पीकरकडे जाण्याची, दोन्ही वाटा त्याच स्टेजबॉक्समधून आणि त्याच एका केबलमधून होत्या. मी असं करते:

एक साधा वायरचा माईक विंगेजवळच्या स्टँडवर, त्याची लांब एक्सएलआर (तीन पिनांची माईकची केबल) थेट मिक्सरच्या *मागच्या* इनपुटमध्ये, स्टेजबॉक्सला न शिवता. मिक्सरच्या मागच्या आउटपुटमधून दुसरी एक्सएलआर थेट एका अ‍ॅक्टिव्ह (आतच अॅम्प्लिफायर असलेल्या) स्पीकरच्या मोकळ्या इनपुटमध्ये. बऱ्याच अ‍ॅक्टिव्ह स्पीकरना दोन इनपुट असतात आणि दुसरं रिकामंच पडलेलं असतं. ही जोडणी कार्यक्रमभर तशीच राहते, चॅनल म्यूट. डिजिटल बाजू पूर्ण झोपली तरी एक माईक आणि एक स्पीकर जिवंत राहतात. आवाज सुंदर नसेल, पण निवेदक बोलू शकतो. मग केबल शोधायला तुम्हाला पाच मिनिटं शांतपणे मिळतात.

एक्सएलआर बॅलन्स्ड (बाहेरची खरखर रद्द करणारी) असल्याने ५० मीटर गेली तरी बिघडत नाही. गिटारची साधी वायर मात्र एवढी ओढू नका, रेडिओ लागेल.

साधा_श्रोता

मी व्यावसायिक नाही. आमच्या गटाच्या कार्यक्रमांना ६०-७० लोक असतात. दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, एक सहा चॅनलचा मिक्सर, दोन माईक. हा धागा वाचून घाबरलो आहे. दुसरा मिक्सर घ्यायलाच हवा का?

फेडर_आजोबा

@साधा_श्रोता, काही घेऊ नका हो. तुमचा बॅकअप तुमच्या स्पीकरच्या पाठीवर आहे. तिथे 'माईक' आणि 'लाइन' असं बटण किंवा गेनची (आत येणारा आवाज किती वाढवायचा त्याची) गोल खुंटी असेल. मिक्सर मेला तर माईकची वायर मिक्सरमधून काढायची आणि सरळ स्पीकरमध्ये घालायची. फक्त क्रम चुकवायचा नाही: आधी स्पीकरचा आवाज शून्यावर, मग वायर, मग 'माईक'वर बटण, मग हळूहळू वर. उलट केलंत तर असा धडाका होईल की पहिली रांग उठून जाईल.

यासाठी माईक डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) हवा. कंडेन्सर जातीच्या माईकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माईकच्या वायरीतूनच दिलेली वीज) लागते आणि बहुतेक स्पीकर ती देत नाहीत. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे आणि अजून जगभर तोच दिसतो, त्याला कारण आहे. त्याला सेल नको, फँटम नको, पडला तरी जाळी चेपते आणि माईक चालत राहतो.

घरी एकदा हे करून बघा, घड्याळ लावून. तुम्हाला वीस सेकंद लागतील. आमच्या शून्यरावांना अकरा मिनिटं लागली.

शून्य_डेसिबल

आजोबा, मीठ चोळा अजून. 🙂

@तारेवरची_कसरत, सेकंदांचा आकडा लिहिण्याची कल्पना उचलतोय. माझ्या लिस्टवर बसून लिहिले आकडे. मुख्य माईक: ६६०. लाज वाटली.

मागच्या_रांगेतून

राखीव माईकबद्दल एक गोष्ट सुटते आहे, आणि ती मला महागात पडली आहे. माझा मुख्य माईक कार्डिऑइड होता, राखीव सुपरकार्डिऑइड (कुठल्या दिशेचं ऐकतो त्यावरून माईकचे हे दोन प्रकार). ऐन वेळी बदलला, आवाज आला, आणि दोन सेकंदांत हॉलभर शिट्टी.

कार्डिऑइड माईक सगळ्यात कमी ऐकतो तो बरोबर पाठीमागून, १८० अंशांवर. म्हणून मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) गायकाच्या समोर, माईकच्या सरळ मागे ठेवतात. सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा १२६ अंशांच्या आसपास, म्हणजे मागे पण दोन बाजूंना. सरळ मागून तो थोडंफार ऐकतो. मॉनिटर जागेवरच राहिला आणि माईक बदलला की माझ्यासारखी गत होते. तेव्हापासून राखीव माईक मुख्य माईकचाच जुळा भाऊ असतो, आणि साउंडचेकला दोघांनाही तेवढाच गेन देऊन, मॉनिटर चालू ठेवून तपासतो. नुसतं 'चेक चेक' करून म्यूट केलेला माईक तपासलेला म्हणायचा नाही.

खरखर

+१. 'येतोय ना आवाज? मग झालं' हे वाक्य मी तरुणपणी फार वेळा बोललो आहे.

फेज_न्यूट्रल

सगळे माईकवर बोलताय. निम्मे कार्यक्रम वीज पाडते. आणि वीज पूर्ण जाण्याचा त्रास कमीच, सगळा हॉलच अंधारात असेल तर लोक समजून घेतात. खरा त्रास अर्ध्या सेकंदाच्या झटक्याचा. दिवे फक्त मिचकतात, अ‍ॅम्पना कळतही नाही, पण डिजिटल मिक्सर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणजे झटका अर्ध्या सेकंदाचा आणि शांतता मिक्सर पूर्ण उठेपर्यंतची.

यूपीएस लावा, पण कशाला ते बघा. मिक्सर, स्टेजबॉक्स, वायरलेसचे रिसीव्हर, टॅबलेटवरून मिक्सिंग करत असाल तर राउटर. हे सगळं मिळून फार वीज खात नाही. अ‍ॅम्प आणि स्पीकर यूपीएसवर टाकू नका, बासच्या पहिल्या ठोक्याला यूपीएस किंचाळेल. लोक हमखास स्टेजबॉक्स विसरतात. मिक्सर यूपीएसवर, स्टेजबॉक्स पडद्यामागच्या साध्या बोर्डावर. मग मिक्सर जिवंत आणि आंधळा.

स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, काही उपकरणं त्यावर गुणगुणतात. विकत घेण्याआधी आपल्याच मिक्सरवर ऐकून बघा. आणि आतली लेड-अ‍ॅसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत म्हातारी होते. हिरवा दिवा तरीही दिसत राहतो. तो दिवा खोटं बोलतो. खात्री करायची तर एकच उपाय, साउंडचेकच्या वेळी भिंतीतला प्लग उपटायचा.

प्लग_अँड_प्रे

मी थोडं विरुद्ध बोलतो. एवढी यंत्रं बॅकअपला लावली की बॅकअपच बिघडायला लागतो. मी ट्रॅक वाजवायला दोन लॅपटॉप आणि मध्ये आपोआप बदलणारा स्विचर ठेवला होता. एका चॅनलवर सतत एक सूर वाजत असतो, तो थांबला की स्विचर दुसऱ्या लॅपटॉपवर उडी मारतो. छान. पण सूर ज्या वायरमधून जात होता ती वायर सैल. लॅपटॉप दोन्ही ठणठणीत असताना स्विचर माकडासारखा इकडून तिकडे उड्या मारत होता, आणि दोन लॅपटॉप एका तालात नव्हते. नर्तकांचे चेहरे अजून आठवतात.

आता माझ्याकडे फोनमध्ये तेच सगळे ट्रॅक, क्रमाने, फोन एअरप्लेन मोडवर, डीआय बॉक्समधून (लाइनचा सिग्नल माईकच्या इनपुटजोगा करणारी डबी) एका चॅनलवर. लॅपटॉप गेला की मी स्वतः फेडर वर करतो. दोन-तीन सेकंद जातात. कबूल.

तारेवरची_कसरत

@प्लग_अँड_प्रे, तुमचा दोष स्विचरचा नाही, सैल वायर न तपासण्याचा आहे. नर्तक क्लिक-ट्रॅकवर (ठेका मोजणाऱ्या टकटक आवाजावर) नाचत असतील तर तीन सेकंदांत सगळा बसवलेला तुकडा मोडतो, तिथे स्विचरच हवा, आणि दोन्ही लॅपटॉप एकाच कळीने एकत्र सुरू व्हायला हवेत. साध्या पार्श्वसंगीताला तुमचा फोन पुरे.

प्लग_अँड_प्रे

मान्य, अर्धं. तपासायच्या वायरी जेवढ्या कमी तेवढं मला बरं वाटतं, एवढंच.

आणि हो, दुसरा लॅपटॉप वेगळ्या सॉकेटवर लावून हम (सतत गुणगुण) आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. चार्जरची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो बॅकअप नाही, तो माईक धरणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

फेडर_आजोबा

एका भागामुळे किती मोठा कार्यक्रम थांबू शकतो याचा नमुना. २३ सप्टेंबर १९७६, फिलाडेल्फिया. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली फोर्ड आणि कार्टर यांची पहिली वादसभा, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. संपायला थोडाच वेळ राहिला असताना आवाज गेला. २७ मिनिटं. दोघे उमेदवार आपापल्या पोडियममागे उभे, आणि देश मूकपट बघतोय. कारण निघालं एका अ‍ॅम्प्लिफायरमधला छोटासा कपॅसिटर.

तुमची अकरा मिनिटं त्यापुढे किस झाड की पत्ती, शून्यराव.

सूत्रसंचालिका

मी साउंडमधली नाही, माईकच्या दुसऱ्या टोकाला असते. आजोबांचा किस्सा वाचून राहवलं नाही. ती २७ मिनिटं उभं राहणं म्हणजे काय असतं ते मला विचारा.

आवाज गेला की स्टेजवरच्या माणसाला तीन गोष्टी कळत नाहीत: हॉलमध्ये गेलाय की फक्त मॉनिटरमध्ये, माझं काही चुकलं का, आणि किती वेळ लागणार. मागे बघावं तर साउंडवाले डोकं खाली घालून मिक्सरमध्ये. तुम्ही लोक संकटात आमच्याकडे *बघत* नाही. मी एकदा चार मिनिटं माईकवर बोटाने टकटक करत उभी होते, हॉलमध्ये काही ऐकू जात नाही हे मला पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलाने ओरडून सांगितलं.

आता मी कार्यक्रमाआधी साउंडवाल्यांशी खुणा ठरवून घेते. मूठ वर: तुझा माईक गेला, विंगेतला घे. तळहात खाली: थांब, बोलू नकोस. बोटं: तेवढी मिनिटं लागतील. पाचपेक्षा जास्त लागणार असतील तर ते हाताने फुली दाखवतात आणि मी मध्यंतर जाहीर करते, मोठ्याने, बिनमाईकची. मोकळ्या गळ्याने दोनशे लोकांना तीन वाक्यं ऐकवता येतात. त्याहून जास्त बोलायला गेलं की घसा जातो आणि पत पण.

शून्य_डेसिबल

@सूत्रसंचालिका, हा प्रतिसाद छापून मिक्सरच्या झाकणावर चिकटवतोय. गायिका माझ्याकडे बघत होती आणि मी खरंच मान वर केली नव्हती.

अँटेना_अण्णा

वायरलेसवाल्यांसाठी. रिकाम्या हॉलमध्ये तपासलेली फ्रिक्वेन्सी भरलेल्या हॉलमध्ये तीच राहत नाही. माणसाचं शरीर रेडिओ लहरी शोषतं, म्हणून रिसीव्हर किंवा अँटेना डोक्यांच्या वर ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे माईक असतील तर श्रोत्यांच्या फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात येऊन बसतं. दुपारी सुरेख, संध्याकाळी तुटक.

दुसरं, राखीव फ्रिक्वेन्सी अंदाजाने निवडू नका. दोन ट्रान्समीटर चालू असले की त्यांच्या मिश्रणातून तिसऱ्याच जागी कचरा तयार होतो. ५२०.० आणि ५२०.४ मेगाहर्ट्झवर दोन माईक असतील तर ५१९.६ आणि ५२०.८ वर खरखर येणार: एकाची दुप्पट वजा दुसरा. आपण सारखं अंतर ठेवून छान ओळीने तिसरा ५२०.८ वर ठेवतो आणि मग कंपनीला शिव्या घालतो. राखीव हँडमाईक चालू करून विंगेत ठेवलात तर तोही हा कचरा वाढवतो. बंद ठेवा, स्विच कुठे आहे ते निवेदकाला हातात देऊन दाखवा.

सेल प्रत्येक कार्यक्रमाला नवे. रिचार्जेबल निकेलवाले वापरत असाल तर ते १.२ व्होल्टचे असतात, माईकमध्ये सेलचा प्रकार तसा निवडला नसेल तर बॅटरीच्या दांड्या चुकीच्या दाखवतो.

एवढं सगळं सांगूनही माझं मत एकच: वायरलेसचा बॅकअप वायर.

फेज_न्यूट्रल

अ‍ॅम्पबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. एक अ‍ॅम्प गेला की सगळे स्पीकर दुसऱ्यावर जोडायचा मोह होतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर म्हणजे ४ ओहम, चार म्हणजे २. अ‍ॅम्पवर किमान ४ लिहिलेलं असेल तर दुसराही जाणार, आणि मग खरंच काही उरणार नाही. अर्धेच स्पीकर वाजवा, अर्धे गप्प ठेवा.

त्याहून चांगलं म्हणजे सुरुवातीपासूनच डावी आणि उजवी बाजू वेगळ्या अ‍ॅम्पवर, जमलं तर वेगळ्या वीजजोडणीवर, आणि भाषण दोन्हीकडे सारखं. यात नवीन काहीच विकत घ्यायचं नाही, जोडणीच तशी करायची. एक बाजू मेली तर अर्ध्या हॉलला कमी ऐकू येईल, पण येईल.

मागच्या_रांगेतून

बिघाड नेहमी विजेचाच नसतो. २०१६ च्या ग्रॅमी सोहळ्यात अ‍ॅडेल गात असताना पियानोच्या आतले माईक तारांवर पडले आणि गिटारसारखा विचित्र आवाज यायला लागला. तिथे दुसरा मिक्सर असून काय उपयोग? पकड घट्ट आहे का, स्टँडचा स्क्रू आवळला आहे का, केबल टेपने जमिनीला चिकटवली आहे का, हे बघणारा एक माणूस हवा. हे काम सगळ्यात नवख्या पोराला देतात.

साधा_श्रोता

करून बघितलं! माईक सरळ स्पीकरमध्ये. पहिल्यांदा ७० सेकंद (बटण सापडेना), मग २५, मग १८. एक प्रश्न: आमच्याकडे कीबोर्डही असतो, तोही सरळ घालता येईल?

फेडर_आजोबा

दुसऱ्या स्पीकरमध्ये, लाइनवर. वायर लांब असेल तर मध्ये पॅसिव्ह डीआय ठेवा. अ‍ॅक्टिव्ह डीआयला फँटम किंवा सेल लागतो, नसेल तर मुका राहतो. शाबास.

शून्य_डेसिबल

धागा वर काढतोय. काल कार्यक्रम होता, त्याआधी रंगीत तालमीत सराव केला. सहाय्यकाला न सांगता स्टेजबॉक्सची केबल उपटली.

पहिल्यांदा ३ मिनिटं १० सेकंद. राखीव माईक जोडलेला होता, स्पीकरपर्यंत वाट होती, फेडर वर होता, तरी आवाज नाही. कारण मी सगळे चॅनल एका म्यूट ग्रुपमध्ये (एका बटणाने सगळे एकत्र म्यूट) टाकले होते आणि राखीवही त्यातच. घामाघूम. दुसऱ्यांदा ५० सेकंद, कारण सहाय्यक आणि मी दोघेही स्टेजकडे धावलो आणि मिक्सरवर कुणीच नाही. तेव्हा ठरवलं: तो धावतो, मी जागचा हलत नाही, आणि मान वर ठेवतो. तिसऱ्यांदा १४ सेकंद.

मिक्सरचा सीन (सगळ्या सेटिंगची नोंद) पेनड्राइव्हवर आणि इनपुट लिस्ट कागदावर, हेही केलं. राखीव मिक्सर आता गाडीत नाही, माझ्या टेबलाखाली आहे.

कार्यक्रमात काहीच बंद पडलं नाही. फक्त मध्यंतरानंतर विंगेत बघतो तर राखीव माईकचा स्टँड रिकामा. एका वक्त्याला उंच स्टँड हवा होता म्हणून कुणीतरी माईक काढून पडद्यामागच्या खुर्चीवर ठेवला होता, आणि त्या खुर्चीवर पाहुणे बसले होते.

खरखर

माईकवर?

शून्य_डेसिबल

चॅनल म्यूट होता, नशीब.